ग्रामसभेत पोरं कुठं आहेत?

ग्रामपंचायतीच्या बोर्डावर सात दिवस आधी नोटीस लागते. ठरल्या दिवशी सकाळी शिपाई सतरंजी अंथरतो, सरपंच येतात, ग्रामसेवक दप्तर घेऊन बसतात. अर्धा तास वाट बघायची. चार म्हातारे, दोन-तीन सदस्य, एखादा घरकुलाच्या अर्जासाठी आलेला गरजू, एवढीच माणसं. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते. पुढच्या तारखेला पुन्हा तीच टाळकी जमतात. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे वर्षभराचा आराखडा पंधरा मिनिटांत मंजूर होतो आणि सह्यांची वही नंतर घरोघर फिरते.

शेतकरी बंधूंनो, हे चित्र तुमच्या गावचे नसेल तर आम्हाला आनंदच आहे. पण महाड-पोलादपुरात फिरताना आम्ही ते इतक्या ठिकाणी पाहिले आहे, की कुणा एका गावाचे नाव घ्यायची गरज वाटत नाही. या सतरंजीवर पंचविशीतला पोरगा किंवा पोरगी क्वचितच दिसते. ‘आजची तरुण पिढी बिघडली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आमचे मत तसे नाही. पोरं बिघडलेली नाहीत, ती तिथे नाहीत. का नाहीत, आणि ती तिथे नसल्याने गावाचे काय जाते, हा आजचा विषय.

खाडीपट्ट्यातले तुडील डोळ्यांपुढे आणा. तुडीलचे नाव उदाहरणादाखल घेतो, तिथल्या पंचायतीविषयी आमची काही तक्रार नाही. सावित्रीच्या खाडीच्या अंगाला वसलेल्या या टापूत घरटी एक तरी माणूस बाहेर असतो. कोण मुंबईला, कोण पुण्याला, कोण आखातात, आणि उरलेला सकाळची गाडी पकडून महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर. भातलावणी म्हातारा-म्हातारी आणि सुना ओढून नेतात. गणपती, शिमगा, ईद आणि मे महिन्याची सुट्टी एवढ्याच वेळी गाव भरलेले दिसते. गावचे निर्णयही पुष्कळदा गावात होत नाहीत. ते मुंबई मंडळाच्या बैठकीत, एखाद्या चाळीतल्या खोलीत होतात. मंदिराचा जीर्णोद्धार, मशिदीची दुरुस्ती, पाखाडीचा रस्ता, पाण्याच्या टाकीची वर्गणी, सगळे तिकडे ठरते आणि गावाला कळवले जाते.

मुंबई मंडळांनी कोकणावर उपकार केले, हे आम्ही नाकारत नाही. सरकार पोचले नव्हते तेव्हा त्यांच्या वर्गणीतून शाळेच्या खोल्या उभ्या राहिल्या. पण मंडळ वर्गणी काढू शकते, सरकारच्या पैशाचा ठराव करू शकत नाही. तो अधिकार कायद्याने ग्रामसभेचा. ग्रामसभेचा सभासद कोण? गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो. पोराचे नाव घाटकोपरच्या यादीत असेल तर गावच्या सभेत तो पाहुणा. दोन्हीकडे नाव ठेवणे कायद्यात बसत नाही आणि ते योग्यही नाही. आमचे म्हणणे स्पष्ट आहे : बाहेर राहणाऱ्याने सल्ला द्यावा, माहिती काढून द्यावी, मंत्रालयात हेलपाटा घालावा. ठराव मात्र गावात राहून पाऊस सोसणाऱ्याने करावा. आणि गावात राहणारा तरुण, मग तो कारखान्यात पाळी करणारा असो की बचतगटाचा हिशेब लिहिणारी सून असो, त्याला या सभेत मानाने बसता आले पाहिजे.

आता कोणी विचारील, सभेला बसून असे काय मोठे होणार? गटार आणि दिव्याच्या खांबापलीकडे ग्रामसभेला काय अधिकार?

जुलै २००५ आठवा. जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते. एका संध्याकाळी डोंगर खाली आले आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. त्यानंतर पाहणी झाली, तज्ज्ञ आले, दरडीचा धोका असलेल्या गावांच्या याद्या झाल्या. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही माणसं मेली, आणि महाड शहर पाण्याखाली गेले. २०२३ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यात इर्शाळवाडी झाली.

धोक्याची यादी सरकारदरबारी असते. तुमच्या वाडीचे नाव त्या यादीत आहे का? असेल तर कोणत्या वर्गात? पाऊस किती झाला म्हणजे वाडी खाली करायची, माणसं कुठल्या शाळेत न्यायची, रात्री अडीच वाजता हाळी कोण देणार, गुरांचे काय करायचे, हे कुठे लिहून ठेवले आहे का? हे प्रश्न ग्रामसभेत विचारायचे आहेत आणि त्यांची उत्तरे गावच्या आराखड्यात लिहून घ्यायची आहेत. याला आम्ही धोरण म्हणतो. धोरण फक्त दिल्लीत आणि नागपूरच्या अधिवेशनात बनत नाही. वाडीवर पाऊस मोजायला माणूस नेमायचा की नाही, हेसुद्धा धोरणच. आणि हे काम म्हाताऱ्यांनी करायचे नाही. यादी शोधायची, नकाशा वाचायचा, पर्जन्यमापकाची नोंद रोज लिहायची, तहसील कचेरीत दहा वेळा जायचे, ही तरुण पायांची आणि तरुण डोळ्यांची कामे आहेत.

कागदावरचा निर्णय आणि प्रत्यक्ष निर्णय यांत किती अंतर असते, हे महाडकरांना दुसऱ्या कोणी शिकवायला नको. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. झाले काय? काहीच नाही. ठराव दप्तरात आणि तळे तसेच बंद. तीन वर्षे गेली. मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठोपाठ हजारो माणसे तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्याली. कागदावरचा ठराव त्या दिवशी जिवंत झाला.

ती परिषद भरवण्यासाठी कोण राबले? त्यात आघाडीवर होते याच तालुक्यात जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३, म्हणजे परिषदेच्या वेळी वय २४. लहानपणी महाडच्या शाळेत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहिले आणि शाळेला प्रवेश द्यावा लागला. पुढे त्यानेच गावोगाव हिंडून माणसे जमवली. बाबासाहेब स्वतः तेव्हा छत्तिशीच्या आतले होते. महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे ही मंडळी बरोबर होती. म्हणजे ज्या घटनेसाठी महाडचे नाव जगात घेतात, ती तरुणांनी आणि जेमतेम प्रौढ माणसांनी घडवलेली आहे. आपण दरवर्षी मार्चमध्ये मंडप घालतो, हार घालतो. मोरेंच्या वयाच्या पोराला मात्र ग्रामसभेत ‘तू गप बस, तुला काय कळतंय’ म्हणतो.

या प्रकरणाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो, पण आमच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, कोर्टाचा मनाई हुकूम आला, दावा चालू राहिला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे! एका दिवसाचा मोर्चा सर्वांना दिसतो. दहा वर्षांचे तारीख-पेशीचे काम कोणाला दिसत नाही. आजच्या तरुणाला मोर्चा जमतो, बॅनर जमतो, मोबाईलवर संताप व्यक्त करणे तर फारच जमते. तारखेला हजर राहणे जमत नाही. हा दोष आम्ही स्पष्टपणे दाखवतो, कारण सगळा दोष सरपंचावर ढकलणेही न्यायाचे नाही.

मग करायचे काय? आधी कायदा थोडा माहीत पाहिजे. मत द्यायला वय १८, ग्रामपंचायतीला उभे राहायला २१. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे पाचशे मतदारांच्या गावात ७५ आणि हजाराच्या गावात १०० माणसे पुरतात. गावातल्या क्रिकेटच्या सामन्याला यापेक्षा जास्त जमतात की नाही, तुम्हीच सांगा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती किती गावांत खरोखर होते, हा प्रश्न आम्ही भगिनींवर सोपवतो. बाहेरून लग्न होऊन आलेली बारावी, पदवी झालेली सून गावच्या यादीत नाव येईपर्यंत सभासदच नसते. तिचे नाव यादीत घालून घेणे हे घरच्यांचे पहिले काम.

२०१५ पासून ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने प्रत्येक ग्रामपंचायतीला आपला आराखडा करावा लागतो. पैसा कशाला किती, हे त्यात लिहितात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली होती. आता एप्रिल-मे महिन्यात आपल्या वाड्यांवर हंड्यांची रांग लागते, टँकरची वाट बघावी लागते. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात! त्या साठ टक्क्यांतून कुठली विहीर झाली, कुठल्या टाकीला गळती आहे, हे बघायला आता तालुक्याला जायची गरज नाही. ई-ग्रामस्वराज नावाच्या सरकारी संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च बघता येतो. ज्या मोबाईलवर रात्री एकपर्यंत खेळ चालतात त्यावरच ते दिसते. तिथे न दिसणारे कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस.

पण एकट्या पोराने अर्ज टाकला की गावात ‘हा कोणाचा माणूस?’ अशी कुजबुज सुरू होते. सरपंचाला वाटते विरोधकांनी पाठवला, विरोधकांना वाटते आपल्याला कार्यकर्ता मिळाला. दोन्हीकडून पोराचे नुकसान. म्हणून गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावची पद्धत आम्हाला पसंत पडते. तिथे ग्रामसभेबरोबर अभ्यासगट चालतो. विषय आधी अभ्यासगटात येतो, माहिती काढली जाते, जाणकाराला बोलावतात, गावातले तरुण-म्हातारे एकत्र बसून समजून घेतात, आणि मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय होतो. बहुमताने नव्हे, सर्वसंमतीने. याच तयारीवर त्या गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलाचे सामूहिक हक्क मिळाले आणि २०११ पासून बांबू विकण्याचा अधिकारही. आपल्याकडे अशा अभ्यासगटाला वेगळी इमारत नको. व्यायामशाळा आहे, क्रीडा मंडळ आहे, बचतगट आहे, मशिदीची जमात आहे, गावकीची बैठक आहे. महिन्यातून एक संध्याकाळ पुरे. एका महिन्यात दरडीची यादी, दुसऱ्या महिन्यात पाण्याचा आराखडा, तिसऱ्यात खाडी.

खाडीचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द त्यावर. महाडच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी सावित्रीच्या खाडीत येते आणि मासळी मरते, ही खाडीपट्ट्यातल्या मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. खाडीच्या बांधाला खांड गेली की खारे पाणी भातात शिरते आणि जमीन पुढची काही वर्षे पीक देत नाही, हेही कोणाला सांगायला नको. पण या तक्रारीत एक गाठ आहे. ज्या घरात खाडीवर पोट असलेला बाप आहे, त्याच घरातला मुलगा कारखान्यात पाळीवर आहे. मोर्चात बाप पुढे, मुलगा घरी. याला भित्रेपणा म्हणू नका, पगाराचा प्रश्न आहे. म्हणूनच हा विषय रस्त्यावर घोषणा देऊन सुटणारा नाही, तो कागदाने पुढे न्यावा लागेल. प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याचे नमुने घेते. त्यांचे अहवाल मागवा. कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी, काय सापडले याची वही गावाने ठेवावी. मासे मेले त्या दिवशीची तारीख, भरती-ओहोटीची वेळ, फोटो, पंचनामा. कारखान्यात काम करणारा मुलगाही अशा वहीला मदत करू शकतो, कारण त्यात शिवीगाळ नसते, नोंद असते. पाच गावांच्या ग्रामसभांनी एकाच मसुद्याचा ठराव त्या वहीसह पाठवला तर जिल्हाधिकारी कचेरीला तो बाजूला ठेवणे जड जाईल.

ठरावात काय ताकद आहे, असे म्हणणाऱ्यांना कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचे उदाहरण सांगतो. मे २०२२ मध्ये या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचा कागद पंधरा-वीस दिवसांत सगळ्या महाराष्ट्राचा झाला. आपल्या जिल्ह्यातही, पेणच्या बाजूला, सेझच्या भूसंपादनाच्या प्रश्नावर २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांतल्या शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले होते. पुढे ते भूसंपादन बारगळले. म्हणजे माणूस विचारून घेतो तेव्हा सरकारही ऐकते. नेहमी ऐकते असा आमचा दावा नाही.

आता सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना. (सरकारने २०२४ मध्ये ग्रामसेवकांना ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नवे नाव दिले. गावात मात्र अजून भाऊसाहेबच चालते, आणि ते वाईट नाही.) तुमची बाजू आम्ही जाणतो. एकाकडे दोन-दोन ग्रामपंचायती, वर ऑनलाईन माहितीचा ढीग, आणि सभेत येणारा तरुण बहुतेक वेळा भांडायलाच येतो. खरे आहे. पण तो भांडायला येतो, कारण त्याला आराखडा मंजूर झाल्यावर कळतो. नोटिशीबरोबर मागच्या सभेचे इतिवृत्त आणि जमाखर्चाचे एक पान बोर्डावर लावा. व्हॉट्सॲपवर टाकायला तर शाईही लागत नाही. सभा सकाळी अकराला ठेवता, तेव्हा पाळीवरचा पोरगा कारखान्यात असतो. गावाला सोईची वेळ ठरवा. सभेत पहिले अर्धा तास पंचविशीच्या आतल्यांनाच बोलू द्या, वडीलधाऱ्यांनी तेवढा वेळ तंबाखू मळावी. ग्रामविकासाच्या समित्यांवर तीच ती नावे न टाकता एक मुलगा आणि एक मुलगी तरी घ्या. आणि पोराने अवघड प्रश्न विचारला तर त्याच्या बापाला बाजूला घेऊन ‘पोराला आवर’ म्हणू नका. असे झालेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तो पोरगा पुन्हा सभेला आला नाही. आता तो नवी मुंबईत आहे आणि गावच्या गटावर फक्त सणाच्या शुभेच्छा टाकतो.

बापांनाही एक सांगणे आहे. सातबारावर डझनभर नावे, शेत पडीक, बाहेरचा दलाल दारात. जमीन विकायची की ठेवायची हे ठरवताना पोराला विचारत नाही आणि मग पोराला शेतीची आवड नाही म्हणून रडतो. घरात ज्याचे मत कोणी घेतले नाही, तो चावडीवर तोंड उघडील कसा?

येत्या १ मेच्या ग्रामसभेची तयारी आत्तापासून करता येईल. सुट्टीमुळे चाकरमानी घरी असतात, पाळीवाल्यांनाही महाराष्ट्र दिनाची सुट्टी मिळते, आणि पावसाला जेमतेम महिना उरलेला असतो. खाडीपट्ट्यातल्या आणि डोंगराकडच्या गावांनी त्या सभेत तीन विषय लेखी द्यावेत : दरडीच्या यादीत आपल्या वाडीची नोंद आणि पावसाळ्यातील स्थलांतराचा आराखडा, पाण्याच्या निधीचा गेल्या तीन वर्षांचा खर्च, खाडीकाठच्या गावांनी खाडीच्या नोंदवहीचा ठराव. विषय नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायतीकडे द्यायचे आणि पोच घ्यायची. पोच घ्यायला विसरू नका. ठरावाची प्रत आठ दिवसांनी मागायची, ती पंचायत समितीला आणि तहसीलदारांना गेली की नाही याचा जावक क्रमांक लिहून घ्यायचा, आणि १५ ऑगस्टच्या सभेत पहिला प्रश्न त्या जावक क्रमांकाचाच विचारायचा. ज्या गावात असे होईल त्या गावच्या पोरांनी या पानाकडे दोन ओळी पाठवाव्यात. नाव, हुद्दा काही नको. ठराव काय झाला आणि उत्तर काय आले, एवढे पुरे.